विश्लेषण : प्रतिजैविके हरत असताना ओढ्या-गोठ्यांतील ‘फेज’ कामी येतील? जुन्नर-आंबेगावचा याच्याशी संबंध काय?

औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंना मारणारे विषाणू सांडपाण्यात, शेणात आणि मातीत सापडतात. ते शोधून जपून ठेवण्याचे काम तालुक्याच्या पातळीवर सुरू होऊ शकते. मात्र त्याआधी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

कुजलेले वांगे उचलून कोणी प्रयोगशाळेत नेईल का? दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे २०१० मध्ये एका विद्यार्थिनीने नेले. वांग्याच्या मातीला टेकलेल्या कुजक्या बाजूवर तिला जिवाणू मारणारा एक विषाणू सापडला. त्याचे नाव ठेवले ‘मडी’, म्हणजे चिखलातला. त्या वेळी त्याचा काहीच उपयोग नव्हता. तो अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या शीतकपाटात जाऊन पडला.

आठ वर्षांनी लंडनमध्ये फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्या १५ वर्षांच्या एका मुलीला असा संसर्ग झाला, की त्यावर कोणतेही प्रतिजैविक चालेना. पिट्सबर्गच्या संग्रहात दहा हजारांहून अधिक विषाणू होते. त्यातून तिच्या शरीरातील जिवाणूला मारणारे मोजके तीन निवडण्यात आले आणि त्यात ‘मडी’ होता. दोन विषाणूंमध्ये जनुकीय बदल करून तिघांचे मिश्रण तिला देण्यात आले. संसर्ग मुळापासून गेला नाही; पण जखमा भरू लागल्या, यकृतातील संसर्ग ओसरला आणि मुलगी घरी गेली. ही माहिती २०१९ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली.

या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचे ते शीतकपाट. संकट आल्यावर विषाणू शोधायला वेळ नसतो, तो आधीच शोधून ठेवलेला असावा लागतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा विचार या अंगाने करायला हवा.

फेज म्हणजे नेमके काय?

बॅक्टेरिओफेज किंवा थोडक्यात फेज म्हणजे फक्त जिवाणूंवर जगणारा विषाणू. तो माणसाच्या किंवा जनावराच्या पेशीत शिरून वाढत नाही. पृथ्वीवर फेजची संख्या एकावर एकतीस शून्ये इतकी असल्याचा अंदाज आहे. जिथे जिवाणू, तिथे फेज. माती, शेण, नदी, गटार आणि आपले आतडे हे सगळे त्यांचे घर.

फेज जिवाणूच्या पृष्ठभागावरील ठरावीक जागा ओळखतो, तिथे चिकटतो आणि आपले जनुकीय द्रव्य आत सोडतो. मग जिवाणूची यंत्रणा फेजच्याच प्रती बनवू लागते. ‘टी-४’ नावाचा फेज ई. कोलाय जिवाणूत शिरला, की साधारण अर्ध्या तासात जिवाणू फुटतो आणि शंभरहून अधिक नवे फेज बाहेर पडतात.

सगळे फेज असे नसतात. काही फेज जिवाणूला न मारता त्याच्या जनुकांत जाऊन दडून बसतात. असे फेज एका जिवाणूतील प्रतिरोधक जनुक दुसऱ्या जिवाणूत नेण्याचा धोका असतो. म्हणून उपचारासाठी फक्त जिवाणू फोडणारे फेज निवडतात आणि त्यांचे पूर्ण जनुकीय वाचन करून मगच पुढे जातात.

त्यांची गरज आता का भासते?

कारण प्रतिजैविके हरत आहेत. ‘लॅन्सेट’मधील अभ्यासानुसार २०१९ मध्ये जगभरात १२.७ लाख मृत्यू थेट औषधप्रतिरोधक जिवाणूंमुळे झाले. भारतातील आकडा सुमारे २.९७ लाख होता. २०२५ ते २०५० या काळात जगात असे ३.९ कोटी मृत्यू होतील, असा २०२४ मधील अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२५ मधील अहवालानुसार, प्रयोगशाळेत निदान झालेल्या जिवाणू संसर्गांपैकी जगात सहात एक, तर भारताचा समावेश असलेल्या आग्नेय आशिया विभागात तीनात एक संसर्ग प्रतिरोधक होता.

पुणे जिल्ह्याला हा विषय परका नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला आणि देशात पेनिसिलिन बनू लागले. त्याच जिल्ह्यात, पुणे शहरातील मुठा नदीच्या गाळाचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शहराच्या वरच्या बाजूच्या तुलनेत शहरातील गाळात प्रतिरोधक जनुकांचे प्रमाण ३० पटींपर्यंत अधिक आढळले. शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधांना दाद न देणारी जनुकेही त्यात होती. कारण सरळ होते, प्रक्रिया न केलेले सांडपाणी.

जुन्नर-आंबेगाव कुठे येतात?

हे दोन तालुके पाणी, दूध आणि भाजीपाला यांवर उभे आहेत. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणे इथलीच. नारायणगावचा टोमॅटो बाजार राज्यात प्रसिद्ध आहे. मंचर परिसर दुधासाठी ओळखला जातो. घरटी दोन-चार संकरित गाई आणि रस्त्याकडेला कोंबड्यांच्या शेड हे नेहमीचे चित्र आहे.

प्रतिजैविकांचा प्रश्न इथे तीन वाटांनी येतो. पहिली वाट माणसांची. ताप आला, की मेडिकलमधून चार गोळ्या घ्यायच्या आणि बरे वाटले, की बंद करायच्या. दुसरी वाट गोठ्याची. गाईची कास सुजली, दगडी झाली, की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली जाते. ट्यूब सोडल्यानंतर ठरावीक दिवस दूध डेअरीला घालायचे नसते. पण दिवसाला वीस लिटर दूध ओतून देणे छोट्या शेतकऱ्याला परवडत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी दूध सर्वेक्षणात ६,४३२ पैकी ७७ नमुन्यांत, म्हणजे १.२ टक्के नमुन्यांत, प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. आकडा लहान वाटतो, पण दूध रोज आणि घरोघरी जाते.

तिसरी वाट शेताची. टोमॅटोवरील जिवाणूजन्य ठिपके असोत किंवा डाळिंबावरील तेल्या, स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण फवारण्याची सवय जुनी आहे. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये पिकांवरील हा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मसुदा काढला. त्याआधी जुलै २०१९ मध्ये जनावरे आणि कोंबड्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली, कारण माणसांसाठी ते अखेरच्या औषधांपैकी एक आहे. बंदी योग्यच आहे. पण औषध काढून घेतल्यावर शेतकऱ्याच्या हातात दुसरे काय देणार, हा प्रश्न उरतो.

फेजचे वैविध्य कशासाठी हवे?

कारण एक फेज सगळ्यांना पुरत नाही. प्रतिजैविक अनेक जातींच्या जिवाणूंवर चालते. फेज मात्र एकाच जातीच्या, बऱ्याचदा त्यातीलही काही वाणांच्याच जिवाणूंना मारतो. कुलूप आणि किल्लीसारखे हे नाते असते. याचा फायदा असा, की आतड्यातील उपयोगी जिवाणू वाचतात. तोटा असा, की प्रत्येक कुलपाला वेगळी किल्ली लागते. म्हणून किल्ल्यांचा जुडगा मोठा हवा.

दुसरे कारण जिवाणूंचे डावपेच. जिवाणू आपले कुलूप बदलून फेजलाही चकवतात. म्हणून वेगवेगळ्या जागी चिकटणारे तीन-चार फेज एकत्र देतात. यातही एक गंमत आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांना कनेक्टिकटमधील डॉज पाँड या तळ्यात असा फेज सापडला, जो स्युडोमोनास जिवाणूच्या औषध बाहेर फेकणाऱ्या पंपालाच चिकटतो. फेजपासून वाचायचे तर जिवाणूला पंप सोडावा लागतो आणि पंप सोडला तर जुने प्रतिजैविक पुन्हा लागू पडते. महाधमनीला बसवलेल्या कृत्रिम नळीत वर्षानुवर्षे संसर्ग असलेल्या एका रुग्णावर २०१६ मध्ये हा फेज प्रतिजैविकासोबत वापरला गेला आणि संसर्ग आटोक्यात आला. असा फेज कोणत्या तळ्यात असेल, हे आधी सांगता येत नाही. शोधावेच लागते.

शोधायला या दोन तालुक्यांत जागा भरपूर आहेत. घोड नदी आहुपे-भीमाशंकरच्या डोंगरातून निघते, डिंभे धरणात अडते, घोडेगावजवळून पुढे कळंबला महामार्ग ओलांडते. मीना वडज धरणातून नारायणगावला येते. कुकडी माणिकडोहमधून जुन्नर, ओझरमार्गे येडगावला पोहोचते. वर जंगलातील झरे, मध्ये भातखाचरे आणि ऊस, खाली बाजारपेठांची गटारे, गोठे आणि शेड. पन्नास-साठ किलोमीटरच्या पट्ट्यात पाण्याचे इतके प्रकार. कोणत्या टप्प्यावर कोणते प्रतिरोधक जिवाणू आणि त्यांचे कोणते फेज सापडतात, हे मोजले तर दोन नकाशे एकदम तयार होतील. एक धोक्याचा आणि दुसरा उपायाचा.

फेज शोधतात कसे?

पद्धत ऐकायला साधी आहे. ओढ्याचे किंवा मोरीचे पाणी घेतात आणि अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळतात. जिवाणू वर राहतात, फेज खाली उतरतात. हे पाणी ज्याला मारायचे त्या जिवाणूच्या द्रवात रात्रभर ठेवतात. मग काचेच्या तबकडीत जिवाणूंचा दुधाळ थर वाढवतात. फेज असतील तर त्या थरात टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ भोके दिसतात. एक भोक म्हणजे एका फेजपासून सुरू झालेले कुटुंब.

पुढचे काम अवघड आहे. फेज शुद्ध करणे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, जनुकीय वाचन करणे, त्यात विषारी द्रव्याची किंवा प्रतिरोधाची जनुके नाहीत याची खात्री करणे, किती वाणांना तो मारतो हे तपासणे आणि शेवटी उणे ८० अंशांत जपणे. पहिला टप्पा महाविद्यालयात होऊ शकतो. दुसऱ्या टप्प्यासाठी पुणे जवळ आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह दोन्ही पुण्यातच आहेत.

एक खबरदारी मात्र हवी. प्रतिरोधक रोगजंतू महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेत वाढवायचे नसतात. ‘मडी’ ज्या उपक्रमात सापडला, तिथे विद्यार्थी क्षयाच्या जिवाणूचा निरुपद्रवी नातेवाईक वापरतात. इथेही तोच मार्ग धरावा लागेल.

भारतात हे नवे आहे का?

नाही. उलट सुरुवातीच्या नोंदींपैकी एक भारतातीलच आहे. अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू मरतात आणि पाणी उकळले की हा गुण जातो, असे नोंदवले. पुढे १९१५ मध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट आणि १९१७ मध्ये फेलिक्स डेरेल यांनी फेजचा शोध लावला. डेरेल १९२० च्या दशकात भारतात आले आणि कॉलऱ्यावर फेजचे प्रयोग झाले. १९२७ ते १९३६ या काळात आसाम आणि बिहारमध्ये सरकारी चौकशी प्रकल्पच चालला. नंतर प्रतिजैविके आली आणि हा विषय मागे पडला. जॉर्जियातील तिबिलिसीच्या संस्थेने मात्र तो १९२३ पासून सोडला नाही.

अलीकडे वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात न भरणाऱ्या जखमांवर फेजचे प्रयोग झाले आहेत. बंगळूरुतील एका कंपनीने फेजपासून मिळवलेल्या प्रथिनावर काम केले आहे.

हँकिन यांच्या नोंदीचा एक उलटा अर्थही काढला जातो. पाण्यात फेज आहेत म्हणजे पाणी पवित्र किंवा पिण्याजोगे आहे, असे सांगितले जाते. ते चुकीचे आहे. फेज सगळ्यात जास्त गटाराच्या पाण्यात मिळतात, कारण तिथे जिवाणू जास्त असतात. फेज भरपूर असणे ही शुद्धतेची खूण नाही.

मग हा रामबाण उपाय आहे का?

तसेही नाही, आणि इथे सावध राहायला हवे. बांगलादेशात जुलाब झालेल्या मुलांवर झालेल्या चाचणीत फेजचा फायदा दिसला नाही. भाजलेल्या रुग्णांवरील ‘फॅगोबर्न’ या युरोपीय चाचणीत फेजचे मिश्रण साठवणुकीत क्षीण झाले आणि नेहमीच्या मलमापेक्षा हळू चालले. गाईंच्या कासदाहावर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फेज दिलेल्या १८ पैकी फक्त ३ सड बरे झाले. दुधातील प्रथिने फेजला जिवाणूपर्यंत पोहोचू देत नाहीत, असे लक्षात आले. म्हणजे बाटलीतील फेज आणि कासेतील फेज यांत फरक असतो.

दुसरीकडे आशेची बाजूही आहे. ब्रुसेल्सच्या लष्करी रुग्णालयाने समन्वय केलेल्या सलग १०० रुग्णांचा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७७.२ टक्के प्रकरणांत सुधारणा दिसली आणि ६१.३ टक्के प्रकरणांत तो जिवाणू नाहीसा झाला. मात्र सोबत प्रतिजैविक न दिल्यास यश खूप कमी होते. शिवाय या आढाव्यात तुलनेसाठी फेज न दिलेला गट नव्हता. निष्कर्ष असा, की फेज प्रतिजैविकांची जागा घेणारे नाहीत, ते त्यांचे जोडीदार आहेत.

शेतीत पाऊल सोपे आहे. अमेरिकेत टोमॅटो आणि मिरचीवरील जिवाणूजन्य ठिपक्यांसाठी फेजच्या फवारणीला २००५ मध्येच मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी मांसावरील लिस्टेरिया जिवाणूविरुद्ध फेजला परवानगी देण्यात आली. नारायणगावच्या टोमॅटोला इथल्याच मातीतील फेज का नसावेत?

काय करायला हवे?

पहिली गोष्ट फेजची नाहीच, ती तपासणीची आहे. कोणता जिवाणू आहे हे कळल्याशिवाय ना योग्य प्रतिजैविक देता येते, ना फेज. जिवाणू वाढवून कोणते औषध चालेल हे सांगणारी चाचणी ग्रामीण रुग्णालयाच्या आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या आवाक्यात आली पाहिजे. अहवाल दोन-तीन दिवसांत परत मिळाला पाहिजे. फेजचे पुढे काहीही झाले, तरी हा खर्च वाया जाणार नाही.

दुसरी गोष्ट संग्रहाची. तालुक्यातील विज्ञान महाविद्यालये, नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र आणि पुण्यातील संस्था यांनी मिळून नमुने गोळा करायला हवेत. नमुना कुठला, कोणत्या ऋतूतला, कोणत्या जिवाणूवर चालतो, याची नीट नोंद हवी. सुरुवात टोमॅटोच्या ठिपक्यांपासून आणि कासदाहाच्या जिवाणूंपासून करावी. त्याचा उपयोग शेतकऱ्याला लवकर दिसेल.

तिसरी गोष्ट कायद्याची. बेल्जियममध्ये फेजचे मिश्रण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधनिर्मात्याकडून रुग्णापुरते बनवून घेता येते. भारतात अशी स्वतंत्र चौकट नाही. रोज बदलणाऱ्या मिश्रणाला एकाच ठरावीक गोळीचे नियम लावले, तर रुग्णापर्यंत काहीच पोहोचणार नाही. नियम अजिबात नसतील, तर गटाराचे पाणी ‘फेज टॉनिक’ म्हणून विकणारेही उभे राहतील. दोन्ही टाळायचे तर केंद्राने आताच नियम बनवावेत.

चौथी गोष्ट हक्काची. जैवविविधता कायदा २००२ नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते आणि स्थानिक जैवसंपत्तीतून कमाई झाली, तर गावालाही वाटा मिळावा, अशी तरतूद आहे. लोकनोंदवहीत हिरड्याची नोंद होते. ओढ्यातील सूक्ष्मजीव कोणाच्या गावातून गेले, याचीही व्हायला हवी.

आणि वाचकांनी?

घरच्या घरी फेज शोधण्याचा किंवा पिण्याचा प्रयोग कोणीही करू नये. इंटरनेटवर मिळणाऱ्या बाटल्यांवर विश्वास ठेवू नये. हाती असलेल्या प्रतिजैविकांचे आयुष्य वाढवणे मात्र प्रत्येकाच्या हातात आहे. चिठ्ठीशिवाय गोळी नको, दिलेला डोस मध्येच स्वतःच्या मनाने सोडायला नको, सर्दीसाठी प्रतिजैविक मागायला नको. सडात ट्यूब सोडली, तर तेवढे दिवस त्या गाईचे दूध वेगळे काढावे. ते दिवस परवडावेत, म्हणून डेअऱ्यांनी त्या दुधाची भरपाई देण्याचा विचार करायला हवा. नुकसान एकट्या शेतकऱ्याने सोसायचे आणि फायदा सगळ्यांनी घ्यायचा, हे फार दिवस चालत नाही.

डर्बनच्या वांग्याला कामी यायला आठ वर्षे लागली. जुन्नर-आंबेगावच्या ओढ्यातील एखाद्या फेजला दहा लागतील, कदाचित त्याची गरजच पडणार नाही. पण गरज पडेल त्या दिवशी तो शीतकपाटात असेल की अजून ओढ्यातच वाहत असेल, हे आजच ठरणार आहे.